मदत हवी आहे: रविवारी एशियन रेस्टॉरंटमध्ये ब्रंचला जातोय, काय मागवायचं?

मृणाल_स
नमस्कार. परवा रविवारी घरचे सगळे एका एशियन रेस्टॉरंटमध्ये ब्रंचला जातोय. टेबल बुक झालंय, अकराची वेळ आहे. आत्ता मेन्यू उघडून बसले तर डोकं गरगरायला लागलं. निम्मी नावं आयुष्यात पहिल्यांदा वाचतेय. काय घ्यायचं, आधी काय, नंतर काय, कुणी जाऊन आलं असेल तर पटापट सांगा. काही खास सूचना असेल तर आदल्या दिवशी फोन करा असं तिथल्या माणसाने सांगितलंय, म्हणजे माझ्या हातात उद्याचाच दिवस आहे. नवऱ्याने सगळं माझ्यावर सोडलंय. लांबलचक चर्चा नको, थेट पदार्थांची नावं हवीत.

पोटोबा
एशियन म्हणजे नक्की कुठलं? चिनी, जपानी, थाई, कोरियन, व्हिएतनामी? किती जण आहात? मेन्यूतली चार नावं तरी टाका, त्याशिवाय काय सांगणार.

खादाडखाऊ
ब्रंच आणि एशियन म्हटलं की डिमसम (चहाबरोबर खायचे छोटे चिनी पदार्थ, बहुतेक वाफवलेले), दुसरं काही नाही. ग्वांगझू आणि हाँगकाँगच्या चहाघरांत लोक पिढ्यानपिढ्या सकाळी उशिरा घरच्यांबरोबर बसून चहा आणि डिमसम खातात. ब्रंचला शोभेल असं जेवण त्यांनी कधीच तयार करून ठेवलंय. घ्या: हार गाऊ (कोळंबीचे, पारदर्शक पारीचे), शाओ माय (डुक्कर आणि कोळंबी, वरून उघडे), चार शू बाओ (भाजलेल्या डुकराचं सारण भरलेले वाफवलेले पाव), चाँग फन (तांदळाच्या पातळ पारीच्या गुंडाळ्या), शेवटी अंड्याचे टार्ट. हार गाऊ हीच खरी परीक्षा. पारी गव्हाच्या स्टार्चची आणि टॅपिओकाची असते, आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसली पाहिजे आणि चॉपस्टिकने उचलल्यावर पारी फाटता कामा नये. फाटली तर ते वाफेवर जास्त वेळ राहिलेत असं समजा, दुसरी टोपली मागा.

सुगरण_स्वाती
डिमसम घरी फार छान होतात! गव्हाच्या आणि टॅपिओका स्टार्चमध्ये उकळतं पाणी एकदम ओतायचं, लगेच ढवळायचं, झाकून पाच मिनिटं ठेवायचं आणि मग तेल लावून मळायचं. पाणी कोमट असेल तर पीठ तुटतं. बांबूची टोपली नसेल तर चाळणीत कोबीचं पान घालून उकडा. हवी असेल तर पूर्ण कृती देते.

मृणाल_स
स्वातीताई, कृती नंतर नक्की घेईन, आत्ता बाहेरच जायचंय.
पोटोबा, मेन्यूत सगळंच आहे. डिमसम, सुशी, रामेन (जपानी नूडल सूप), थाई करी, बाओ, किमची (आंबवलेली कोरियन कोबी) फ्राइड राइस. माणशी एक रक्कम भरायची आणि हवं तेवढं खायचं. दोन तास टेबल आपलं. सहा जण आहोत.

पोटोबा
म्हणजे बुफे! हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. मग "काय मागवू" हा प्रश्नच उरत नाही, "कुठल्या काउंटरवर आधी जाऊ" हा प्रश्न आहे. की टेबलवर ऑर्डर घेऊन आणून देतात? दोन्हीत फार फरक आहे.

मृणाल_स
डिमसम आणि रामेन टेबलवर आणून देतात, बाकी काउंटरवर.

खादाडखाऊ
मग बसल्या बसल्या डिमसमची ऑर्डर टाका, पाणीही मागायच्या आधी. साडेअकरानंतर गर्दी झाली की टोपली यायला वेळ लागतो. एकदम दहा टोपल्या मागू नका. दोन-तीन आल्या, संपल्या, पुढच्या. गार झालेली पारी चिवट होते.

जुनाजाणता
मी ठाम सांगतो, असल्या "सगळं मिळेल" ठिकाणी जाऊ नका. एकाच स्वयंपाकघरात सुशीचा भात, थाई पेस्ट आणि वाफेची टोपली, तिघांना न्याय मिळत नाही. सुशीवाला वर्षानुवर्षं नुसता भात शिकतो. त्यापेक्षा बुकिंग रद्द करून एकाच देशाचं जेवण देणारी साधी जागा शोधा.

अनघा_द
त्यांचं टेबल बुक झालंय, सहा माणसं ठरलीत, परवाची गोष्ट आहे. रद्द करा म्हणून काय मदत होणार? आणि पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला अशीच जागा बरी. ज्याला जे झेपेल ते तो खाईल.

जुनाजाणता
मदत म्हणूनच सांगतोय. पहिला अनुभव वाईट आला की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. माझ्या घरात हेच झालं. बुफेतली गार, घट्ट झालेली सुशी खाल्ली आणि आजतागायत कुणी सुशीचं नाव काढत नाही.

निखिल_के
सुशीबद्दल सहमत, बाकी नाही. काउंटरवरची कच्च्या माशाची सुशी बर्फावर किंवा थंड काचपेटीत असेल तरच घ्या. गार पदार्थ ५ अंशांच्या खाली आणि गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहायला हवेत. मधल्या तापमानात तासन्‌तास राहिलेलं काहीही नको. थर्मामीटर न्यायची गरज नाही. गरम काउंटरच्या झाकणाला हात लावला तर चटका बसला पाहिजे आणि सुशीची बशी गार लागली पाहिजे.
अवांतर: फिरत्या पट्ट्यावरची सुशी १९५८ साली योशिआकी शिराइशी यांनी ओसाका भागात सुरू केली. बिअरच्या कारखान्यातला पट्टा पाहून त्यांना कल्पना सुचली. तुमच्या ठिकाणी पट्टा आहे का?

मृणाल_स
पट्टा वगैरे माहीत नाही. बरं, सासऱ्यांसाठी काय घेऊ? ते शाकाहारी आहेत. मेन्यूत हिरवं पान काढलेले बरेच पदार्थ दिसतायत, त्यामुळे अडचण नसावी. मिसो सूप, व्हेज स्प्रिंग रोल, थाई ग्रीन करी (टोफू), मँगो पुडिंग असं ठरवलंय.

अनघा_द
थांबा थांबा. या चारही पदार्थांत घोळ असू शकतो.
मिसो सूपचा पाया दाशी असतो आणि दाशी बहुतेक वेळा कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचे काप यांची असते. वर नुसता टोफू आणि पातीचा कांदा दिसतो, मासा डोळ्याला दिसतच नाही. थाई करीच्या पेस्टमध्ये कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, टोफू घातल्याने ती जात नाही. स्प्रिंग रोल ज्या तेलात तळतात त्यातच कोळंबी तळतात का ते विचारा. मँगो पुडिंग बहुतेक ठिकाणी जिलेटिनवर जमवतात, म्हणजे प्राण्याची हाडं आणि कातडी. आगर-आगरवर जमवलं असेल तर चालेल, ते शेवाळापासून होतं.
हिरव्या पानाच्या भरवशावर राहू नका. ते अंडं चालवतात का?

मृणाल_स
नाही, अंडंही नाही. बापरे. मग त्यांनी खायचं काय?

अनघा_द
पुष्कळ आहे, विचारून घ्यायचं एवढंच. काकडीची किंवा अव्होकाडोची सुशी. वाफेवरचे भाजीचे डंपलिंग, पारीत अंडं नाही हे विचारून. मीठ लावून उकडलेले एदामामे (कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा). लसणावर परतलेली बोक चॉय, पण "ऑयस्टर सॉस नको" हे आवर्जून सांगायचं, कारण तो कालवांपासून करतात आणि चिनी पालेभाजीवर सवयीने ओततात. मशरूमचा शाकाहारी प्रकार मिळतो, त्यांच्याकडे आहे का विचारा. किमचीत फिश सॉस किंवा खारवलेली छोटी कोळंबी असते, तीही वगळा.

खादाडखाऊ
मुळ्याचा केक विसरलात. लो बाक गो. बाहेरून खरपूस, आतून लुसलुशीत, काकांना नक्की आवडेल. मुळा आणि तांदळाचं पीठ, बाकी काही नाही.

अनघा_द
त्यात सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज घालतात हो. नाव मुळ्याचं आहे म्हणून शाकाहारी होत नाही. कृपया खात्री असल्याशिवाय सुचवू नका, इथे एका वडीलधाऱ्या माणसाच्या खाण्याचा प्रश्न आहे.

खादाडखाऊ
काही ठिकाणी बिनकोळंबीचाही करतात, मी खाल्लाय. पण विचारून घ्या, हे बरोबर.

चहाबाज
सगळे खाण्यावर बोलतायत, चहाकडे कुणी पाहतच नाही. डिमसमबरोबर चहा हवाच. तळलेलं, तेलकट जास्त घेणार असाल तर पू-अर, हलकं खाणार असाल तर जास्मिन किंवा ऊलाँग, मुलांना शेवंतीच्या फुलांचा. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, वाढणारे न सांगता पाणी भरतात. कुणी आपल्या कपात चहा ओतला तर टेबलावर बोटांनी हलकेच दोन-तीनदा टकटक करायचं, ते आभार मानणं. आणि चहा आधी मोठ्यांच्या कपात, स्वतःच्या कपात सगळ्यांत शेवटी. तुमच्या सासऱ्यांना हे फार आवडेल बघा.
चॉपस्टिक भातात उभ्या खुपसून ठेवू नका. अंत्यविधीच्या वेळच्या उदबत्त्या तशा दिसतात, चीन-जपानमध्ये ते अशुभ मानतात.

मृणाल_स
चहाचं छान सांगितलंत. मुलांनाही चालणारा आहे ते बरं झालं, नणंदेची मुलगी सात वर्षांची आहे. तिला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, तेवढी कोळंबी टाळली की झालं. बाकी ती सगळं खाते. मग डिमसममध्ये शाओ माय घेऊ ना तिच्यासाठी?

डॉक्टरीणबाई
नको! शाओ मायमध्ये कोळंबी असते, वर पहिल्याच यादीत लिहिलंय. मृणाल, हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं. दोन प्रश्न आधी: तिला नेमकं काय होतं, नुसतं अंगावर पित्त उठतं की श्वासाला त्रास होतो, ओठ सुजतात? आणि डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिनचं पेन (तातडीच्या वेळचं इंजेक्शन) दिलंय का?

मृणाल_स
मागे एकदा ओठ आणि डोळे सुजले होते. पेन आहे, नणंदेच्या पर्समध्ये असतं.

डॉक्टरीणबाई
मग "तेवढी कोळंबी टाळली की झालं" इतकं हे सोपं नाही. ज्यांना कोळंबी चालत नाही त्यांना खेकडा आणि लॉब्स्टरही बहुधा चालत नाहीत. कालवं-शिंपल्यांचा गट वेगळा, पण काहींना दोन्ही बाधतात, म्हणून ऑयस्टर सॉसबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारा.
डिमसमची खरी अडचण टोपल्यांची आहे. त्या एकावर एक रचतात आणि वरच्या टोपलीतलं वाफेचं पाणी खालच्या टोपलीत ठिबकतं. वर हार गाऊ आणि खाली भाजीचे डंपलिंग असले की भाजीच्या डंपलिंगलाही कोळंबीचं पाणी लागलं. तळणाचं तेल सामाईक असतं. काउंटरवर एकच चिमटा चार भांड्यांत फिरतो. टॉम यम (थाई आंबट-तिखट सूप), थाई करी, एक्सओ सॉस (सुक्या कोळंबीचा तिखट चिनी सॉस) यांत कोळंबी विरघळलेली असते, ती दिसणार नाही.
उद्या फोनवर "कोळंबी नको" एवढंच म्हणू नका. "सात वर्षांच्या मुलीला अ‍ॅलर्जी आहे, पूर्वी सूज आली आहे, वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या तेलात करता येईल का" असं शेफला विचारा. वेटरचं "हो, चालेल" पुरेसं धरू नका. पेन पर्समध्ये आहे तर पर्स टेबलापाशीच राहील, गाडीत नाही. टेबलावरच्या निदान दोघांना ते वापरता यायला हवं.

जुनाजाणता
म्हणूनच मी पहिल्यापासून म्हणतोय, बुकिंग रद्द करा.

डॉक्टरीणबाई
शेफने खात्री दिली नाही तर मीही तेच म्हणेन. पण आधी विचारू तर द्या. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना कायम घरी ठेवणं हा काही उपाय नाही, माझ्या स्वतःच्या मुलीला घेऊन आम्ही जातो. नीट विचारून जातो.

निखिल_के
लिहून नेलेलं बरं पडतं. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत "कोळंबी, खेकडा, लॉब्स्टर, कोळंबी पेस्ट, सुकी कोळंबी यांपैकी काहीही नको" असं लिहा आणि ती चिठ्ठी थेट स्वयंपाकघरात पाठवा. तोंडी निरोप गर्दीत हरवतो.

सुगरण_स्वाती
बघा, म्हणूनच घरचं बरं. भोपळा आणि मशरूमचं सारण घालून डिमसम करा, मुलगीही खाईल आणि सासरेही.

मृणाल_स
फोन केला. पहिल्यांदा ज्याने उचलला तो "सगळं मॅनेज होईल" म्हणत होता, मी शेफशीच बोलायचं म्हणून अडून बसले. शेफ बाई आहेत, पंधरा मिनिटं बोलल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की तळणाचं तेल एकच आहे, त्यामुळे भाचीला आणि बाबांना दोघांनाही तळलेलं काही नाही. डिमसमचा स्टीमरही सामाईक आहे, पण अकराच्या ठोक्याला आलो तर बाकी ऑर्डर लागायच्या आत स्वच्छ भांड्यात, वेगळ्या टोपलीत भाजीचे डंपलिंग उकडून देतील. भाचीसाठी धुतलेल्या कढईत चिकन आणि भाज्या घालून भात परततील. सॉयसॉस, आलं आणि पातीचा कांदा, बाकी कुठलाच सॉस नाही. तिचं ताट आतून येईल, काउंटरवरचं तिला काही द्यायचं नाही.
मिसोमध्ये दाशी आहेच. बाबांना कोंबू आणि शिताके मशरूमचं साधं सूप करून देणार आहेत. पुडिंग जिलेटिनचं निघालं, त्याऐवजी कापलेली फळं.
अनघा, डॉक्टरीणबाई, तुम्ही नसता तर मी हिरवं पान बघून सगळं ताटात वाढलं असतं. नणंदेलाही धागा वाचायला पाठवलाय.

डॉक्टरीणबाई
शेफ "हे जमेल, हे जमणार नाही" असं सांगतात म्हणजे त्यांना विषय कळतो. आता निश्चिंत जा. पावणेअकराला निघालात आणि अकरा-दहाला पोचलात असं मात्र करू नका, स्टीमरची सवलत बाकी ऑर्डर लागायच्या आतच आहे.

अनघा_द
सॉयसॉसमध्ये गहू असतो, घरात कुणाला ग्लूटेन चालत नसेल तर तेही सांगून टाका. आता तरी सगळं सांगितलंत ना?

मृणाल_स
हो, सगळं सांगितलं. उरलेले आम्ही तिघं-चौघं काहीही खातो.

खादाडखाऊ
त्या तिघा-चौघांसाठी: मेन्यूत शाओ लाँग बाओ (रस्सा भरलेले डंपलिंग) असेल तर सोडू नका. आत गरम रस्सा असतो. डुकराच्या कातडीचा रस्सा गोठवून सारणात मिसळतात आणि वाफेवर तो पुन्हा पातळ होतो. चमच्यात ठेवा, बाजूला छोटं भोक पाडा, रस्सा ओढून घ्या, मग आल्याच्या बारीक सळ्या आणि काळं व्हिनेगर घालून उरलेला खा. एकदम तोंडात टाकलात तर जीभ भाजेल. फक्त भाचीच्या ताटापासून ही टोपली लांब ठेवा, काही ठिकाणी सारणात कोळंबी किंवा खेकडाही असतो.

प्राची०५
धागा आत्ता वाचला, फार उपयोगी आहे. माझ्या मुलाला तिळाची अ‍ॅलर्जी आहे. अशा ठिकाणी तिळाचं तेल शेवटी वरून घालतात ना? म्हणजे सांगितलं तर वगळता येईल, की सारणातच असतं?

डॉक्टरीणबाई
दोन्हीकडे असतं. बऱ्याच डंपलिंगच्या सारणात आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे वरून वगळून भागत नाही. प्राची, वेगळा धागा काढा, आणि मुलाचं वय, आधी काय त्रास झाला, पेन आहे का, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.