कलम ६५ लावलंय, तातडीने मदत हवी

जुळे सोलापूरकर: भाच्यावर काल गुन्हा दाखल झालाय. कागदावर कलम ६५ आहे. नेटवर बघितलं तर भारतीय न्याय संहितेत ६५ म्हणजे सोळा वर्षांखालील मुलीवर बलात्कार, कमीत कमी २० वर्षं! बहीण कालपासून जेवलेली नाही. पोरगं तसलं नाही ओ. विजापूरहून माल घेऊन येत होता, बिलं आहेत. जामीन होईल का? लवकर सांगा.

शेंगा चटणी: कसला माल?

निवृत्त कारकून: घाबरू नका. ६५ म्हणजे दंड भरला नाही तर जास्तीत जास्त किती कैद देता येते, एवढंच. आमच्या वेळी पाठ होतं.

काळा कोट: काका, ते जुन्या दंड संहितेतलं. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना ती लागत नाही. आणि धागाकर्ते, नुसत्या आकड्यावरून काय कळणार? ढीगभर कायद्यांत कलम ६५ आहे. कागदावर आजूबाजूला काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

जुळे सोलापूरकर: "म.दा.का.क. ६५ (अ)(ई)". बास एवढंच.

काळा कोट: महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. (अ) म्हणजे बाहेरून आणणं, (ई) म्हणजे बाळगणं. बलात्काराचा काडीचा संबंध नाही. आधी बहिणीला जेवायला घाला.

शेंगा चटणी: हा 'माल' होय!

जुळे सोलापूरकर: मित्राच्या हळदीसाठी घेतलेली. सरकारमान्य दुकानातून, बाटलीवर कर्नाटकचं लेबल आहे. चोरीची नाही. मग गुन्हा कसला? देश एकच ना?

भीमाकाठ: न्याय संहिता देशभर एक, दारू मात्र ज्या त्या राज्याची. टाकळीचा पूल ओलांडला की तीच बाटली परराज्यातली होते. कर तिकडं भरलाय, हिकडच्या सरकारला काय मिळालं? आमच्या सगळ्या सोयरिकी पलीकडच्या, दर लग्नसराईत कुणीतरी सापडतंच.

परवानाधारक: म्हणून मी सगळ्यांना सांगतो, परवाना काढा. हजार रुपयांत आजीवन. खिशात असला की टेन्शन नाही.

काळा कोट: चुकीचं सांगू नका. त्या परवान्यावर परराज्यातली दारू आणता येत नाही, त्याला आयातीचा वेगळा पास लागतो.

परवानाधारक: मला आजवर कुणी अडवलं नाही.

काळा कोट: तुमचं नशीब. कायदा तो नाही.

चादरवाला: विजापूरच्या पार्टीचा चेक वटला नाही तर केस इथंच करता येते. आपलं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. २०१५ ला दुरुस्ती झालीय.

शेंगा चटणी: चादरवाले, चेकचं कुणी विचारलं?

जुळे सोलापूरकर: वाद नंतर घाला की. गाडीपण ठेवून घेतलीय, ती कधी सुटेल?

काळा कोट: किती बाटल्या होत्या त्यावर आहे. ठरलेल्या मर्यादेच्या वर माल असेल तर निकाल लागेपर्यंत गाडी सोडत नाहीत.

जुळे सोलापूरकर: जास्त नाही. चार बॉक्स.

भीमाकाठ: ७५० मिलीच्या असतील तर बॉक्सात १२, म्हणजे ९ लिटर. चार बॉक्स ३६ लिटर. हळद कुणाची, अख्ख्या गावाची?

काळा कोट: पंचनाम्यात किती लिटर लिहिलेत ते बघा, तोच आकडा धरतात. आरसी बुक घेऊन भाच्याला उद्या वकिलाकडे पाठवा. अर्ज गाडीमालकानं करायचा असतो.

जुळे सोलापूरकर: गाडी त्याची नाही. नवरदेवाची आहे.

शेंगा चटणी: आणि लग्न कधी आहे?

जुळे सोलापूरकर: परवा.