शिकागो सोडून ह्यूस्टनला जावे का?

पागोळी:
नमस्कार. आम्ही १४ वर्षे शिकागोच्या पश्चिम उपनगरात राहतो. नवऱ्याला त्याच पगारावर ह्यूस्टनला बदली मिळते आहे आणि होकार-नकार कळवायला सहा आठवड्यांची मुदत आहे. मुलगी येत्या ऑगस्टमध्ये दहावीत जाईल. घरी ७२ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांना चालण्याची फार आवड, पण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्या दिवाणखाना ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालतात आणि फेऱ्यांचा आकडा वहीत लिहून ठेवतात. गेल्या जानेवारीत ड्राइव्हवेवरच्या बर्फाच्या पातळ थरावरून त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडले. प्लास्टर निघून बरेच महिने झाले तरी त्या एकट्या उंबरठ्याबाहेर पडायला धजत नाहीत. आमच्या मनात हा विचार आला तो मुख्यतः त्यांच्यामुळे, पैशाचा हिशेब त्यानंतरचा. इलिनॉयचा ४.९५ टक्के आयकर वाचेल आणि त्याच किमतीत मोठे घर मिळेल, असे जो तो सांगतो. असे स्थलांतर केलेल्यांना विचारते, की खर्च खरोखर किती उतरला आणि घरातल्या वयस्क माणसाला तिथला उन्हाळा मानवला का?

बायूकाठ:
पागोळीताई, आम्ही २०१६ मध्ये शिकागोहूनच ह्यूस्टनजवळच्या केटीला आलो. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही हे खरे, पण ती कसर प्रॉपर्टी टॅक्समध्ये भरून निघते. तो इलिनॉयमध्येही जबर असल्याने तुम्हाला धक्का कमी बसेल. मात्र इथल्या नव्या वसाहतींत शाळा आणि काउंटीच्या करांखेरीज 'मड' नावाचा, पाणी आणि सांडपाण्याची सोय करणाऱ्या स्थानिक जिल्ह्याचा कर वेगळा द्यावा लागतो. त्यामुळे एकाच किमतीच्या दोन घरांच्या करात वर्षाला काही हजार डॉलरचा फरक पडू शकतो, म्हणून घराच्या किमतीआधी त्याचा एकूण करदर विचारा. राहत्या घरासाठी होमस्टेड सवलतीचा अर्ज आठवणीने करा. शाळेच्या करापुरते घराचे मूल्य त्यामुळे १,४०,००० डॉलरने कमी धरले जाते आणि पुढे करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही.

याहून मोठी गोष्ट पुराची आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाच्या पावसाने बार्कर जलाशय फुगला आणि त्याच्या मागच्या बाजूच्या वसाहतींत पाणी शिरले. आपले घर जलाशयाच्या पाणलोटात येते हे अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले. पलीकडच्या गल्लीतल्या एका मराठी कुटुंबाचा देव्हारा वरच्या मजल्यावर न्यायला मी हात लावला होता. तो ठेवून खाली वळलो, तोवर जिन्याची दुसरी पायरी पाण्याखाली गेली होती. त्यांच्याकडे घराचा विमा होता, पण नेहमीच्या घरविम्यात पूर धरलेला नसतो. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि घरकर्जाबरोबर घेतला नाही, तर एरवी तो ३० दिवसांनी लागू होतो. वादळ आखातात शिरल्यावर धावपळ करून काही उपयोग नसतो. दोन्ही विमे आणि दुसरी गाडी (लोकलने कामावर जाण्याची तुमची सवय इथे मोडेल) हे सगळे मांडल्यावर आमची बचत वाचलेल्या आयकराच्या निम्मीसुद्धा उरली नाही. तरीही मी परत जाणार नाही.

सोनटक्का:
माझी आई ७६ वर्षांची आहे आणि आमच्याबरोबर ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडला राहते. जून ते सप्टेंबर ती सकाळी साडेसहाला फिरून येते आणि नंतर संध्याकाळपर्यंत घरातच असते. ३५ अंशांपेक्षाही इथला दमटपणा जास्त थकवतो, हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी अंगाला चिकटते. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत मात्र तिला मुक्त फिरता येते. कोरड्या फुटपाथवर काठीशिवाय चालणारी आई पाहिली, की हा निर्णय योग्य होता असे मला मनापासून वाटते.

विजेची तयारी मात्र ठेवा. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर ह्यूस्टन परिसरातल्या २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमच्याकडे ती पाच दिवस नव्हती आणि दुसऱ्याच रात्री आईला चक्कर आली, तेव्हा आम्ही तिला घेऊन हॉटेल गाठले. त्यानंतर पहिली खरेदी जनरेटरची केली. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीतही वीज गेली होती आणि घरोघरी नळ फुटले होते, त्यामुळे थंडी कायमची सुटली असेही समजू नका.

आणखी एक, कढीपत्त्याची कुंडी गाडीत घालून आणू नका. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर टेक्सासमध्ये कडक निर्बंध आहेत. रोप इथेच मिळेल आणि अंगणात डोक्याएवढे वाढेल.

वहीतले पान:
मुलीसाठी लिहितो. जायचेच असेल तर दहावी सुरू होण्यापूर्वी जा. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांतला थेट प्रवेश इथल्या हायस्कूलमधल्या क्रमांकावर ठरतो. बहुतेक ठिकाणी पहिल्या १० टक्क्यांत यावे लागते, ऑस्टिनच्या विद्यापीठात ही मर्यादा आता ५ टक्क्यांवर आली आहे. जुन्या शाळेतले गुण क्रमांकासाठी कसे धरतात, हे नव्या शाळेकडून लेखी घ्या.

पागोळी:
सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना हे सगळे वाचून दाखवले. जनरेटरबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण साडेसहाच्या फेरीबद्दल दोनदा विचारले. पुढच्या आठवड्यात, भर जुलैतच, त्यांना घेऊन चार दिवस येत आहोत. सोनटक्काताई, तुमच्या आईंबरोबर एक सकाळ त्यांना चालता येईल का?