प्रोग्रॅमिंग भाषेच्या मॅन्युअलमध्ये विनोद असावा का?

अर्धविराम
कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती असेल तर सूची उघडा. 'रिकर्शन'पुढे (म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) दिलेल्या पानांत शेवटचा आकडा २६९ आहे, आणि ती नोंद आहे तेच पान २६९! ज्याला रिकर्शन कळलंय तो खूश होतो, ज्याला नाही त्याचं काही अडत नाही.
इंटरकॅल ही भाषा तर १९७२ साली गंमत म्हणूनच जन्मली. तिच्या मॅन्युअलला अपेंडिक्स (परिशिष्ट) नाही, 'टॉन्सिल' आहे. इतर मॅन्युअलांना अपेंडिक्स असतं, मग आपण काढून टाकता येणारा दुसरा अवयव घेऊ, असं कारणही तळटीपेत दिलंय. कोरड्या व्याख्या लिहिणाऱ्यांनी एवढी मोकळीक घ्यायलाच हवी. वाचणारा त्यानेच टिकतो.

रिकामी_ओळ
साफ असहमत. मॅन्युअल अडल्यावर उघडतात, करमणुकीला नाही. पायथॉन भाषेचं नाव माँटी पायथॉन या ब्रिटिश विनोदी मंडळीच्या कार्यक्रमावरून, म्हणून उदाहरणांत स्पॅम आणि एग्ज. तो कार्यक्रम न पाहिलेल्या नवशिक्याला ते भाषेचेच शब्द वाटू शकतात.

अर्धविराम
उदाहरणांत नेहमी वापरतात ती फू आणि बार ही नावं तरी कुठे काही सांगतात? आणि पायथॉनमध्येच 'फ्युचर' या मॉड्यूलमधून ब्रेसेस (महिरपी कंस) इम्पोर्ट करून बघा. 'नॉट अ चान्स' अशी सिंटॅक्स एरर येते. ब्लॉक (ओळींचा गट) कंसांनी नाही, इंडेंटेशननेच (ओळीआधीच्या मोकळ्या जागेनेच) ठरणार, हे याहून थोडक्यात कसं सांगाल?

तिसरा_कंस
मुद्दा जागेचा आहे. ग्लिबसी या सी भाषेच्या लायब्ररीच्या मॅन्युअलमध्ये, प्रोग्रॅम मध्येच थांबवणाऱ्या अबॉर्ट फंक्शनच्या माहितीला लागूनच अमेरिकेतल्या गर्भपातविषयक सेन्सॉरशिपवर टोमणा होता. तो काढायचा की ठेवायचा यावरून २०१८ मध्ये मोठा वाद झाला. ग्लिबसी ज्यात येते त्या ग्नू प्रकल्पाचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन ठेवण्याच्या बाजूने होते. राजकारण बाजूला ठेवू. तो टोमणा चक्क 'भविष्यातील बदलाचा इशारा' अशा मथळ्याखाली होता. उद्या खरंच एखादं फंक्शन बदलणार असेल, तर तो इशारा वाचणाऱ्याने खरा कसा मानायचा?

अर्धविराम
इशाऱ्याच्या मथळ्याखाली नको, हे एकदम मान्य. पण त्यापायी अख्खं मॅन्युअल रुक्ष करायचं?

रिकामी_ओळ
रुक्ष नाही, नेमकं. तुम्ही कर्निघन-रिचींचं उदाहरण दिलंत, ते सलग वाचायचं पुस्तक आहे. त्यातलं रेफरन्स मॅन्युअल लेखकांनी परिशिष्ट 'ए' म्हणून वेगळं काढलंय. पुस्तकात हवी तेवढी गंमत करा. मॅन्युअलमध्ये मी एकच वाक्य शोधत असतो, आणि ते सापडलं की पान बंद करतो.