मदत हवी आहे : 'ओके'चा जन्म चार ओळींत कसा सांगावा?

अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीनिमित्त शॉपफ्लोअरवर 'रोजच्या तोंडातले शब्द' असा फलक लावायचाय. माझ्या वाट्याला 'ओके' आलाय. आमच्याकडे तर जॉबवर हिरवं 'ओके'चं स्टिकर लागल्याशिवाय माल हलत नाही!

शोधाशोध झाली आहे. १८३९ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात तो पहिल्यांदा छापला गेला. तेव्हा मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून आद्याक्षरं लिहायची टूम होती, त्यातून 'ऑल करेक्ट' (all correct, म्हणजे सगळं बरोबर) मुद्दाम 'oll korrect' असं लिहून त्याचं 'ओ' आणि 'के'. पुढच्याच वर्षी तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांच्या समर्थकांनी 'ओल्ड किंडरहुक' (त्यांच्या गावावरून पडलेलं टोपणनाव) म्हणून तो निवडणुकीत वापरला. त्यामुळे 'युद्धात शून्य ठार म्हणजे ओके' ही व्हॉट्सअ‍ॅपवरची कथा कृपया परत सांगू नका, ती आधीच तिघांनी पाठवली आहे.

अडलंय ते विनोदावर. बऱ्याच ऑपरेटर मंडळींना इंग्रजी स्पेलिंगची गंमत कळणार नाही. 'सर्व ठीक'चं 'शर्व टीक' करून 'श.टी.' लिहून पाहिलं, तर एकाने विचारलं, "एसटी का?" नुसतं 'चुकीचं स्पेलिंग' म्हटलं तर मजाच जाते.

फलकावर जागा चारच ओळींची, मजकूर देवनागरीतच हवा आणि कुणाच्या बोलीची टिंगल नको.

मुद्दाम अशुद्ध लिहिलेल्या मराठी शब्दांच्या आद्याक्षरांतून असंच जमेल, असं एखादं उदाहरण सुचतंय का कुणाला?