शनिवार-रविवारचे जादा वर्ग : अभ्यासू मुलांची गरज की पालकांची हौस?

रविवारची_पाटी :

गेली सहा वर्षे मी शनिवारी आणि रविवारी सकाळी दोन-दोन तास, दहा ते तेरा वयाच्या अभ्यासू मुलांना गणित शिकवतो. परिचयातील एका शिक्षिकेने अलीकडे मला विचारले, की पाच दिवस शाळेत बसून आलेल्या मुलाला सुट्टीच्या दिवशीही वर्गात बसवणे हा त्याच्यावर अन्याय नाही का. त्या वेळी दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले, म्हणून माझी बाजू येथे सविस्तर मांडतो. ज्यांना ती पटणार नाही त्यांनी ती जरूर खोडून काढावी.

पुढच्या इयत्तेचा अभ्यासक्रम सुट्टीत उरकून टाकणारा वर्ग आणि याच इयत्तेचा विषय शाळेला परवडत नाही इतक्या खोलात नेणारा वर्ग, या दोहोंना आपण एकच नाव देतो आणि मग भलत्याच मुद्द्यावर वाद घालत बसतो. पहिल्या प्रकारच्या वर्गाची बाजू मी घेणार नाही. दुसरा मात्र काही मुलांना खरोखरच हवा असतो.

एक उदाहरण देतो. बुद्धिबळाच्या पटाच्या एका कर्णाच्या दोन्ही टोकांची घरे कापून टाकली की ६२ घरे उरतात. प्रत्येकी शेजारची दोन घरे झाकणारे ३१ तुकडे घेऊन हा पट पूर्ण झाकता येईल का? एकतीस दुणे बासष्ट, त्यामुळे येईलच, यावर आरंभी सगळ्यांचे एकमत असते. मग तुकडे मांडणे, शेवटी दोन घरे उरणे, "मघाशी जमत आलं होतं" म्हणत सगळे मोडणे असे बराच वेळ चालते. गेल्या वर्षी एक मुलगी तुकडे बाजूला सारून, उरलेल्या घरांकडे नुसती बघत बसली होती. थोड्या वेळाने ती पुटपुटली, "उरतात ती दोन्ही घरं दर वेळी काळीच आहेत." मी मुद्दाम काहीच बोललो नाही. कापलेली दोन्ही घरे पांढरी होती आणि प्रत्येक तुकडा एक काळे व एक पांढरे घर झाकतो, ही सांगड तिने आणखी सात-आठ मिनिटांनी स्वतःच घातली. काळी ३२, पांढरी ३०. म्हणजे पट झाकला जाणे शक्यच नाही.

यासाठी तिला पुढच्या इयत्तेतले एकही सूत्र लागले नाही. लागला तो पाऊण तास. चाळीस मिनिटांच्या तासिकेत, पोर्शन डोक्यावर असताना, एका प्रश्नाला इतका वेळ कोणता शिक्षक देईल? ही गरज आजची नाही. हंगेरीत १८९४ साली शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक सुरू झाले, त्यातली उदाहरणे मुले घरी सोडवून टपालाने उत्तरे पाठवीत. पुढे मोठे गणिती झालेले पॉल एर्डिश लहानपणी त्यांपैकीच एक होते. म्हणजे शाळेबाहेरचा हा वेळ ज्याला हवा असतो, तो तो शोधतोच.

मागचा_बाक :

मी शाळेत शिकवतो, तेव्हा माझे मत त्याच बाजूने झुकलेले आहे हे आधीच कबूल करतो. आपले पटाचे उदाहरण मला फार आवडले आणि नेमक्या त्याच कारणासाठी मी आपल्या विरोधात आहे. त्या प्रश्नाला कोणतेही पूर्वज्ञान लागत नाही असे आपणच म्हणता. मग तो निवडक मुलांपुरता का ठेवावा? माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा, पाढे चुकवणारा एक मुलगा मोडलेले कंपासचे बिजागर पिनेने दुरुस्त करून देतो. उरलेली घरे काळी आहेत हे त्याला आपल्या विद्यार्थिनीच्या आधी दिसले नसते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण आपल्या वर्गाची पायरी तो कधीच चढणार नाही, कारण दारात चाळणी परीक्षा आहे आणि त्या परीक्षेत पाढे आहेत.

अशा चाळण्या कशा फसतात याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील असामान्य बुद्धीची मुले निवडण्यास सुरुवात केली आणि सुमारे दीड हजार मुलांचा पुढे आयुष्यभर मागोवा घेतला गेला. विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ या दोन मुलांचीही चाचणी झाली होती, पण ती निवडीत बसली नाहीत. पुढे त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, एकाला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये. निवडलेल्या दीड हजारांपैकी मात्र एकालाही ते मिळाले नाही.

आणखी एक गोष्ट, जी शिक्षकांखेरीज कुणाच्या लक्षात येत नाही. सोमवारी शाळेत आल्यावर आपली मुले कंटाळलेली असतात. मी प्रश्न फळ्यावर पुरता लिहिण्याआधीच "सर, हे आम्ही केलंय" असा आवाज येतो आणि विचार करू लागलेली बाकीची पस्तीस डोकी जागच्या जागी थांबतात.

दोन_मुलांची_आई :

आपण दोघेही शिक्षक आहात, म्हणून घरातली बाजू सांगते. माझा थोरला अशा वर्गाला स्वतः हट्ट करून गेला आणि तीन वर्षांत त्याने एकही शनिवार बुडवला नाही. तो जातो म्हणून धाकट्यालाही घातले. सहा महिन्यांनी त्याची वही उघडली, तेव्हा पहिली पाच-सहा पाने भरलेली होती. त्यानंतर प्रत्येक पानावर वर सुवाच्य अक्षरात तारीख, खाली समास आखलेला, आणि पुढे काहीही नाही. त्याने कधी तक्रार केली नव्हती. त्याची तक्रार ती वहीच होती, आणि ती वाचायला मला सहा महिने लागले.

अभ्यासाची ओढ असलेली मुले असे आपण म्हणता, तेव्हा ती ओढ कुणाची, हे प्रवेशाच्या वेळी कोण तपासते? अर्ज तर आम्हीच भरतो.

पुढची_इयत्ता :

मूळ लेखातील एक विधान सर्वांनी निमूटपणे मान्य केलेले दिसते, म्हणून विरोध नोंदवतो. पुढचा अभ्यासक्रम आधी शिकवणे ही सरसकट चूक कशी? ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणिती गुणवत्तेच्या मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशाच्या वयाची परीक्षा देऊन पाहिली, आणि ज्यांना ती झेपली त्यांना भराभर पुढे जाऊ दिले. अशा मुलांचा मागोवा पुढे अनेक दशके घेतला गेला. घाई केल्यामुळे ती सरसकट कोमेजली असे चित्र त्यातून निघत नाही. ज्याला बीजगणित आजच समजते त्याला "तू खोलात जा, पुढे मात्र जाऊ नकोस" असे सांगणे हीदेखील एक प्रकारची अडवणूकच आहे.

रविवारची_पाटी :

सर्वांचे आभार. पुढची_इयत्ता यांचा आक्षेप मला मान्य आहे, पण अशी मुले माझ्याकडे सहा वर्षांत दोनच आली, आणि पुढचा अभ्यासक्रम मागणाऱ्या पालकांची संख्या त्याच्या कितीतरी पट होती.

ताईंच्या वहीने मला अस्वस्थ केले. पहिली दोन वर्षे मी महिन्याच्या शेवटी पहिल्या पाच मुलांना प्रशस्तिपत्र देत असे, कारण पालकांना ते हवे होते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नंतर माझ्या वाचनात आला. बालवाडीतल्या ज्या मुलांना स्केचपेनने चित्रे काढणे मुळातच आवडत होते, त्यांपैकी काहींना "चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र देऊ" असे आधी सांगून ते दिले. एक-दोन आठवड्यांनी ती मुले आपणहून चित्रांना देत असलेला वेळ इतरांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आला होता. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले त्यांच्या बाबतीत असे घडले नाही. मी प्रशस्तिपत्रे बंद केली, त्याबरोबर त्या वर्षी चार पालकांनी मुलांना काढून घेतले.

मागचा_बाक यांच्या मुद्द्यापुढे मात्र मी निरुत्तर आहे. पाढ्यांची चाळणी मी वेळ वाचवण्यासाठी ठेवली होती, मुले ओळखण्यासाठी नव्हे, हे लिहिताना लक्षात येते आहे. येत्या सत्रापासून ती काढून टाकतो. पहिले तीन शनिवार कुणीही यावे, आणि चौथ्या शनिवारी यायचे की नाही हे मुलाने पालकांच्या गैरहजेरीत मला सांगावे, असे करून पाहतो. वर्ग बंद करावा असे मात्र मला अजूनही वाटत नाही. ती मुलगी पाऊण तास एका प्रश्नाशी बसू शकली, कारण तिच्या आजूबाजूला तितकाच वेळ बसणारी आणखी अकरा मुले होती. घरी एकटीने तिने तो पट दहा मिनिटांत गुंडाळला असता.

मागचा_बाक :

चाळणी काढलीत, हे चांगले केलेत. तरीही एक चाळणी उरतेच. शनिवारी सकाळी मुलाला कुणीतरी आणून सोडावे लागते, दोन तासांनी न्यायला यावे लागते, आणि ज्या घरात त्या वेळी सगळे कामावर असतात तिथला मुलगा तिन्ही शनिवारी येणार नाही. माझा बिजागरवाला त्याच घरातला आहे. हाच वर्ग आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर, शाळेच्याच खोलीत घ्याल का? बुधवारी माझी खोली रिकामी असते. पट आणि पुठ्ठ्याचे तुकडे मी कापून ठेवतो.

रविवारची_पाटी :

बुधवारी नोकरीमुळे साडेपाचच्या आत पोहोचता येत नाही. मुले तोवर थांबू शकतील का, आणि खोलीची किल्ली कोणाकडे असते?