स्वयंचा कोर्स केला तर क्रेडिट (पदवीत धरले जाणारे श्रेयांक) खरंच मिळतात का?

बीएस्सीवाली: बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, तालुक्याच्या गावी. स्टॅटिस्टिक्सला पूर्णवेळ शिक्षक नाहीत, सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) सरांची ऑर्डर निघेपर्यंत दिवाळी येते. म्हणून 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा आयआयटीचा १२ आठवड्यांचा कोर्स लावलाय. ऑफिसात विचारलं तर काका म्हणाले, "मोबाईलवर बघितल्याचे मार्क कोण देतं?" परीक्षेचे पैसे भरू, की नुसते व्हिडिओ बघून सोडून देऊ?

खडूवाले सर: आयआयटींचे कोर्स 'स्वयं'वर आणणाऱ्या एनपीटेलचा लोकल चॅप्टर, म्हणजे कॉलेजातलं त्यांचं केंद्र, आमच्याकडे मीच बघतो. तुझ्या काकांना नियम ठाऊक नाही, पण अनुभव दांडगा दिसतो! यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१६ साली 'स्वयं'वरून २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायला परवानगी दिली, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर नेली. कागदावर सगळं छान. गोम अशी की कोणते कोर्स चालतील हे विद्यापीठाच्या अॅकॅडमिक कौन्सिलने सत्राच्या तोंडाशीच मंजूर करायचं असतं. तो ठराव नसला की सर्टिफिकेट फाईलला लागतं, मार्कलिस्टवर काही येत नाही. व्हिडिओ खुले करून बरीच वर्षं झाली, परीक्षा विभागाचं कपाट अजून उघडायचंय.

तेव्हा आधी एचओडींना (विभागप्रमुखांना) लेखी अर्ज दे. कोर्स कोड, क्रेडिट (१२ आठवड्यांना साधारण ३) आणि आठवडावार सिलॅबसची प्रिंट जोड. आवक नंबर टाकलेली पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. पैसे त्यानंतर.

पूर्वतयारीवाली मावशी: मी शाळा अर्धवट सोडलेली. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी (शाळा अर्धवट राहिलेल्यांसाठीचा प्रवेशाआधीचा कोर्स) करून बी.ए. झाले. रविवारी अभ्यास केंद्र, बाकी दिवस शिलाई. लोक विचारायचे, "म्हणजे बाहेरून केलंस का?" ते विद्यापीठ १९८९ चं, तरी हा प्रश्न काही जुना होत नाही. पण आमची पुस्तकं मराठीत होती गं. तुझे हे आयआयटीवाले इंग्रजीतच बोलणार ना?

बीएस्सीवाली: हो मावशी, आणि फार भरभर! ०.७५ स्पीडवर बघते. सर, असाइनमेंट बुडल्या तर?

खडूवाले सर: बारापैकी चांगल्या आठ धरतात, त्यांना २५ गुण. केंद्रावरच्या परीक्षेला ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३० लागतात, दोन्ही वेगवेगळे. पोरं असाइनमेंट एकमेकांच्या बघून टाकतात आणि केंद्रावर आपटतात, हे दर सत्राला बघतो. परीक्षेचं सेशन निवडताना दुपारचं घे, सकाळच्याला पोचायचं तर पहाटेची एसटी धरावी लागेल. मावशी, काही कोर्सचं लेखी भाषांतर मराठीत मिळतं, एनपीटेलच्या साईटवर कोर्सच्या पानावर बघायला सांगा. भाषांतरातले अवघड मराठी शब्द बघून तू बावरू नकोस गं, इंग्रजी शब्द शेजारी लिहून ठेव. पेपर इंग्रजीतच येतो.

बीएस्सीवाली: अर्ज आज लिहिते. एचओडी मॅडम सोमवारी भेटतील.