पगाराला 23ने गुणू नका, शिलकीला गुणा

फर्मागुडी

माझ्या चुलतभावाला शारजाच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय. महिना 10,000 दिरहम. सध्या तो वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटी विभागात आहे, पगार 75,000. दिरहम 23 रुपयांच्या वर गेलाय, म्हणजे 2,30,000 झाले, म्हणजे तिप्पट, वर तिथे इन्कम टॅक्स नाही. एवढ्याच आकडेमोडीवर अख्खी भावकी त्याला "नीघ" म्हणून बसली आहे. ही आकडेमोड चुकीच्या जागेपासून सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

तो एकटा जाणार नाही. बायको आणि दुसरीतली मुलगी सोबत असणार. तिथे राहणाऱ्या ओळखीच्या दोन कुटुंबांना विचारून मी खर्च मांडला. एक बेडरूमचं भाडं महिन्याला 3,400 पडतं. वीज, पाणी, गॅस 500. भारतीय अभ्यासक्रमाची शाळा आणि बस 1,200. किराणा, भाजी, मासळी 1,600. जुनी गाडी, तिचं पेट्रोल, विमा, टोल मिळून 1,100. फोन-इंटरनेट 500. वर्षातून एकदा तिघांनी गोव्याला यायचं तर महिन्याला 400 बाजूला काढावे लागतील. बेरीज 8,700. उरले 1,300 दिरहम, म्हणजे 29,900 रुपये.

आता इथलं बघा. बांदोड्याला स्वतःचं घर, भाडं नाही. मुलगी अनुदानित शाळेत. पीएफचे 4,800 कापून हातात 70,200 येतात, घरखर्च 42,000 पर्यंत जातो. उरतात 28,200. वर पीएफमध्ये त्याचे 4,800 आणि कंपनीचे 4,800 साठतात ते वेगळेच. कराचं म्हणाल तर एप्रिल 2025 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर बसत नाही. त्याचं वर्षाचं उत्पन्न 9 लाख. म्हणजे टॅक्स नसण्याचा जो फायदा सगळे मोजताहेत, तो त्याला घरबसल्या मिळतोच आहे.

तिथे खर्च होणारा दिरहम तिथल्याच भावाने संपतो. त्याला रुपयात आणून काहीच कळत नाही. रुपयात आणायची ती फक्त शिलक. आणि शिलक सारखीच राहणार असेल तर आईवडिलांना, शेताला, चवथ-शिगम्याला सोडून कशासाठी जायचं?

शारजाहून_शुभा

फर्मागुडीबाब, गुणाकाराबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. पण तुमच्या हिशेबात एक मोठी चूक आहे आणि ती ऐकून मला राग आला. तुमची वहिनी तिथे घरीच बसणार, असं तुम्ही न विचारताच धरलंत. मी फोंड्याची, बीकॉम. गोव्यात होते तेव्हा एका दुकानाची वही लिहायचे. इथे एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघते. दोन पगार येतात तेव्हा भाडं दुप्पट होत नाही, विजेचं बिल दुप्पट होत नाही. दुसऱ्या पगारातून माझी ये-जा आणि मुलाचा शाळेनंतरचा सांभाळ वजा केला की बाकी सगळी शिलकच. वहिनींना 4,000ची नोकरी लागली आणि त्यातले 1,200 असे गेले, तरी तुमचे 1,300 तिथल्या तिथे 4,100 होतात. गुणा आता.

दुसरं, तुम्ही एकाच महिन्याचा फोटो काढलात. 2010 मध्ये दिरहम साधारण साडेबारा रुपयांना होता. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.6725, आणि हा दर 1997 पासून हललेला नाही. जो इथे दिरहममध्ये साठवत राहिला, त्याच्या जुन्या शिलकीचे रुपये पगारवाढ न मिळताही वाढले.

जुना_तारवटी

मी बोटीवर आयुष्य काढलं. आमच्या बाबतीत पगाराला गुणायचं, हेच बरोबर. जेवण बोटीचं, खोली बोटीची, गणवेश बोटीचा. खर्च काय तो किनाऱ्यावर उतरल्यावर फोनचा आणि साबणाचा. बाकी सगळं घरी. कळंगुट-कांदोळीत हॉटेलात काम करणाऱ्या पोराला हंगामात 20,000 मिळतात, आणि मे संपला, किनाऱ्यावरची हंगामी खानावळी-दुकानं (शॅक) उतरली की निम्मे घरी बसतात. तो पोरगा 2,500 दिरहमवर गेला, राहणं-जेवण कंपनीचं असलं, आणि 1,800 वाचवले तर 41,400 रुपये झाले. त्याला हा शिलकीचा धडा देऊ नका. त्याच्या हातात इथे उरतंच काय?

फक्त एक सांगतो. बोटीवरचा करार सात-आठ महिन्यांचा असतो, मधले महिने घरी बिनपगारी. म्हणून वर्षाची कमाई 12ने भागून मगच इथल्या पगाराशेजारी ठेवा. आमच्यातल्या पुष्कळांनी ते केलं नाही आणि घराचा हप्ता बोटीवरच्या महिन्यांच्या पगारावर ठरवला.

पेडण्याची_सिस्टर

इंग्लंडमधून लिहिते, इथे नर्स आहे. मी फर्मागुडींच्या बाजूने. आमच्याकडे वर्षाला 31,000 पौंड ऐकले की गावात लोकांचे डोळे विस्फारतात. 12,570 पर्यंत कर नाही, त्यावर 20 टक्के, शिवाय नॅशनल इन्शुरन्स 8 टक्के. हातात महिन्याला साधारण 2,150 येतात, त्यातून पेन्शन कापली जाते ती वेगळी. लंडनबाहेर लहान शहरात असूनही भाडं 900, कौन्सिल टॅक्स 130, थंडीत गॅस-विजेचे 150. लहान मूल दिवसभर पाळणाघरात ठेवायचं तर 1,000च्या वर लागतात. व्हिसावर असलेल्यांना सरकारी मदतीतलं बहुतेक काही मिळत नाही.

नर्सना व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार माफ आहे, म्हणून आम्ही तरलो. कॉम्प्युटरवाल्यांनी मात्र तो आधी मोजावा: मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड, आणि जितक्या वर्षांचा व्हिसा तितके पैसे अर्जासोबतच. नवरा-बायको पाच वर्षांसाठी आले तर 10,350 पौंड. 115चा भाव धरला तरी बारा लाखांच्या घरात. पहिला पगार हातात येण्याआधी.

गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट काढून इथल्या स्विंडन शहरात येणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि ते दार 31 डिसेंबर 2020 ला बंद झालं. आता त्या पासपोर्टवर पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी असं कुठेही काम करता येतं, पण इंग्लंडला व्हिसा लागतो. आणि भारताचं नागरिकत्व जातं, हाही खर्चच. पुढे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड) मिळाला तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली तेवढी राहते.

ताळेबंद

मडगावला लोकांचे आयकर परतावे (रिटर्न) भरतो, म्हणून वरच्या मांडणीत तीन ओळी घालतो.

पहिली, स्वतःचं घर फुकट नाही. बांदोड्याचं घर त्याने सोडलं आणि ते भाड्याने देता आलं, तर ते भाडं शारजाच्या बाजूला मिळवायला हवं. आईवडील तिथेच राहणार असतील तर नाही. फर्मागुडींनी हे सांगितलेलं नाही.

दुसरी, पीएफ एकीकडे लिहिला तर दुसरीकडे ग्रॅच्युइटीही, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, लिहायला हवी. अमिरातीत पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार मिळतो, पुढे 30 दिवसांचा. मूळ पगार 6,000 धरला तर वर्षाला 4,200 दिरहम, म्हणजे 96,600 रुपये. इथे कंपनीचा पीएफ वर्षाला 57,600 आणि 40,000 च्या मूळ पगारावर ग्रॅच्युइटी साधारण 23,000. म्हणजे या ओळीत शारजा थोडी पुढेच आहे.

तिसरी ओळ उलट्या बाजूची. नोकरी गेली तर काय? 2023 पासून तिथे बेरोजगारी विमा सक्तीचा आहे. तो मूळ पगाराच्या 60 टक्के देतो, जास्तीत जास्त तीन महिने. 6,000 चे 60 टक्के म्हणजे 3,600, आणि भाडं 3,400. जेवायला 200 दिरहम उरले. म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत त्या 1,300 ना शिल्लक म्हणायचं नाही, असं मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो. पुढे जे साठेल ते एनआरई खात्यात (परदेशातल्या कमाईसाठीचं भारतातलं बँक खातं) ठेवा, त्या व्याजावर इथे कर नाही.

सावईवेरे

पैशांच्या भाषेत न बसणारं एक लिहितो. माझे काका 1990 मध्ये, इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा, तिथून अम्मानमार्गे परत आले, हातात एक पिशवी. बँकेतले, कंपनीतले सगळे तिथेच. आज तशी वेळ येईल असं मी म्हणत नाही. पण माझ्या वडिलांना मागच्या पावसात रात्री छातीत दुखायला लागलं, तेव्हा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) घेऊन जायला मी घरात होतो. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड होतं, आमच्यासारख्या चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 4 लाखांपर्यंतचा आधार आहे. पण कार्ड काही खाटेवरून माणसाला उचलत नाही. भाऊ दोहाला असतो. तो रात्रभर फोनवर होता, आणि त्याचे हाल माझ्यापेक्षा जास्त झाले.

शारजाहून_शुभा

सावईवेरेबाब, हे दुःख मी जाणते. माझीही आई फोंड्याला एकटी असते. पण तिच्या डोक्यावरचं छप्पर इथल्या पैशाने घातलंय. "घरचं घर" हा शब्द या चर्चेत फार सहज आलाय. आमचं मूळ घर सात जणांच्या वाट्याचं आहे, इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं, प्रकरण कोर्टात पडून आहे, एक खोलीसुद्धा दुरुस्त करता येत नाही. फ्लॅट घ्यावा तर दिल्ली-मुंबईच्या पैशाने भाव कुठल्या कुठे गेलेत. फोंड्यातसुद्धा दोन बेडरूमचा फ्लॅट 30,000 च्या पगारावर कसा घ्यायचा, कोणी सांगेल का? ज्याला घर आहे त्याने ज्याला नाही त्याला शिलकीचं गणित शिकवू नये.

जुना_तारवटी

शुभाबाय बरोबर बोलते. माझं घर बोटीवरच्या पैशाचंच. पण बाय, घर बांधून झाल्यावरही माणसं परत येत नाहीत, हेही मी बघितलंय. आमच्या वाड्यावर तीन मोठी घरं आहेत, वर्षाचे अकरा महिने कुलूप. दर पावसाआधी कौलं शाकारायला माणूस लावायचा, त्याचे पैसे तिकडून येतात. जाताना किती जमलं की परत यायचं, तो आकडा लिहून ठेवा.

फर्मागुडी

ज्याला घर नाही किंवा ज्याचं राहणं-जेवण कंपनी देते, त्याच्यासाठी उत्तर वेगळं येणार. मी बोलतोय ते घर असलेल्या, पोराबाळांच्या माणसाबद्दल, आणि त्याच्यासाठी माझं मत तेच आहे. ताळेबंद, आईवडील बांदोड्याच्याच घरात आहेत, त्यामुळे भाड्याची ओळ कोरी.

काल भावाकडे जाऊन पत्र बघितलं. तुम्ही 6,000 मूळ पगार धरलात, पत्रात 4,500 आहे, बाकीचे 5,500 घरभाडं, प्रवास आणि "इतर भत्ता". म्हणजे ग्रॅच्युइटी वर्षाला 3,150, आणि नोकरी गेल्यावर विम्याचे 2,700, त्यात भाडंही निघत नाही. विमानाचं तिकीट फक्त त्याचं, तेही दोन वर्षांतून एकदा. त्याला म्हटलं, मूळ पगार 6,000 करून मागा आणि तिघांची तिकिटं लिहून घ्या. त्याने काल रात्रीच कंपनीला ईमेल पाठवली. शुभाताई, वहिनीलाही विचारलं. ती दवाखान्यात रिसेप्शनला होती, मूल झाल्यावर सोडलं. तिला तिथे काम करायचंय. तसलं काम तिथे किती पगाराचं, आणि शाळेनंतर मुलीला सांभाळणारं कोण मिळेल, ते कळवाल का?

शारजाहून_शुभा

क्लिनिकमध्ये रिसेप्शनला 3,000 ते 3,500 धरा, अरबी येत नसलं तरी हिंदी-मल्याळी पेशंट भरपूर असतात. सांभाळायला आमच्याच इमारतीत एक मंगळुरी बाई आहेत, दुपारी तीन ते सातचे महिना 600 घेतात. भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि चांगल्या शाळांत जागा आधीच भरतात, तेव्हा कंपनीचं उत्तर त्याआधी यायला हवं. घर बघताना वर्षाचं भाडं किती चेकमध्ये घेणार ते विचारा. एका चेकने दिलं तर कमी होतं, पण तेवढी रक्कम पहिल्याच दिवशी लागते, ती तुमच्या मांडणीत नाही.